पापणीचा केस निर्जीव, मूळ मात्र जिवंत

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

या वेळची बहुतेक पत्रे लॅश लिफ्ट (पापणीचे केस रसायनाने वर वळवणे), एक्स्टेन्शन (खऱ्या केसाला चिकटवायचे कृत्रिम धागे), रंग आणि भुवयांच्या लॅमिनेशनबद्दल (भुवयांचे केस रसायनाने हव्या दिशेला बसवणे) आहेत. उत्तरांआधी एक गोष्ट लक्षात घेतली तर पुढचे बरेच सोपे होईल. त्वचेबाहेर दिसणारा केस म्हणजे केराटिन नावाचे निर्जीव प्रथिन. तो वाकवता येतो, रंगवता येतो, बिघडला तर काही आठवड्यांनी गळून जातो. पण तो ज्या मुळातून येतो ते मूळ, पापणीच्या कडेवरची तेलग्रंथींची तोंडे आणि त्यापलीकडचा डोळा हे सारे जिवंत आहे. रसायन केसावर किती वेळ राहिले याइतकेच ते कुठे राहिले यालाही महत्त्व आहे.

प्रश्न : लॅश लिफ्ट केल्यावर दोन दिवसांत माझ्या पापण्यांच्या केसांची टोके आकड्यासारखी मागे वळली आणि काही केस विस्कटल्यासारखे दिसतात. नेमके काय चुकले? पुन्हा करून ते सरळ होतील का?

उत्तर : पुन्हा करू नका, हे आधी सांगतो. कारण पुढे वाचा.

केसाचा आकार टिकतो तो केराटिनच्या साखळ्यांना जोडणाऱ्या गंधकाच्या दुव्यांमुळे. त्यांना डायसल्फाइड बंध म्हणतात. लिफ्टमधले पहिले लोशन यातले काही दुवे तोडते, केस सिलिकॉनच्या रॉडवर चिकटलेला असताना साखळ्या थोड्या सरकतात, आणि दुसरे लोशन नव्या जागी दुवे पुन्हा जोडते. दुसऱ्या लोशनमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा सोडियम ब्रोमेट असते. शिडी वाकवण्याआधी तिच्या थोड्या पायऱ्या काढायच्या आणि वाकवून झाल्यावर परत ठोकायच्या, तसाच हा प्रकार. जास्त पायऱ्या काढल्या तर शिडीच उरत नाही. तुमच्या केसांच्या टोकांचे तेच झाले आहे.

टोकेच का? टोक हा केसाचा सर्वांत जुना आणि सर्वांत बारीक भाग. मस्कारा, चोळणे, ऊन, धुणे यांनी त्याचे बाहेरचे खवले आधीच झिजलेले असतात, त्यामुळे लोशन तिथे चटकन आत शिरते. म्हणून पहिले लोशन टोकाला लावायचेच नसते. मुळापासून साधारण १ ते २ मिलिमीटर अंतर सोडून, केस रॉडवर जिथे वळतो त्या पट्ट्यावरच ते लावायचे आणि वरचा तिसरा हिस्सा कोरडा ठेवायचा. मुळाकडचे अंतर त्वचेसाठी, टोकाकडचे केसासाठी.

दुसरी नेहमीची चूक वेळेची. जुन्या पद्धतीच्या लोशनमध्ये थायोग्लायकोलिक आम्ल असते. त्याला काम करायला अल्कधर्मी माध्यम लागते, पीएच साधारण ९ च्या आसपास. तेवढ्या पीएचला केस फुगतो आणि लोशन झपाट्याने आत जाते. नव्या लोशनमध्ये सिस्टिअमाइन असते. त्याचा गंधकाचा गट ८.३ पीएचच्या आसपासच सक्रिय होऊ लागतो, थायोग्लायकोलिकचा मात्र १० च्या वर. त्यामुळे सिस्टिअमाइन कमी अल्कधर्मी लोशनमध्येही काम करते आणि केस कमी फुगतो. पण ‘सौम्य’ शब्दावर विसंबून ते दुप्पट वेळ ठेवले तर परिणाम तोच. कंपनीने दिलेली वेळ ही कमाल मर्यादा समजावी. बारीक, रंगवलेल्या किंवा अलीकडेच लिफ्ट केलेल्या केसांना पाच-सहा मिनिटे पुरतात, जाड आणि खाली वळलेल्या केसांना आठ ते दहा लागू शकतात. निम्मी वेळ झाल्यावर एका केसावरचे लोशन बारीक ब्रशने पुसून पाहावे. केस रॉडवर वळण धरून मऊ पडला असेल तर तिथेच थांबावे. वर गरम टॉवेल किंवा दिवा ठेवणे टाळावे, उष्णतेने प्रक्रियेचा वेग वाढतो आणि हिशेब चुकतो.

तिसरी चूक रॉडच्या मापाची. लांब केसाला छोटा रॉड लावला की केस रॉडच्या पलीकडे येऊन टोक मागे वळते. इथे रसायनाचा दोष नसतो. आणि केस रॉडवर एकमेकांना छेदून चिकटवले असतील तर ते तसेच छेदलेले कायम होतात. रसायनाला केस ज्या स्थितीत सापडेल त्याच स्थितीत तो पक्का होतो. कंगव्यासारखे समांतर बसवण्यात दहा मिनिटे गेली तरी ती वाया जात नाहीत.

एक बारीक गोष्ट करणाऱ्यांसाठी : दुसरे लोशन लावण्याआधी पहिले कोरड्या कापसाने पूर्ण टिपून घ्या. राहिलेले पहिले लोशन पेरॉक्साइडशीच झुंजते, थोडी उष्णता निघते, आणि दुवे जोडायला पेरॉक्साइड कमी पडते. मग लिफ्ट आठवड्यात उतरते आणि दोष ‘केसांच्या प्रकाराला’ दिला जातो.

आता तुमच्या केसांबद्दल. अति प्रक्रिया झालेल्या केसातली मोडलेली रचना कुठल्याही ‘केराटिन’ किंवा ‘बोटॉक्स’ सीरमने परत बांधली जात नाही. सीरम खवल्यांवर थर देऊन ते चपटे बसवते, तेवढाच दिलासा. रोज हलक्या हाताने ओल्या स्पूलीने (मस्काऱ्याच्या ब्रशसारख्या छोट्या ब्रशने) विंचरा, मस्कारा चोळून काढावा लागणार नाही असाच वापरा, आणि वाट पाहा. सहा ते आठ आठवड्यांत बरेचसे केस बदललेले असतील. त्याआधी पुढचे लिफ्ट नाही.

प्रश्न : लिफ्टनंतर २४ तास पाणी लागू द्यायचे नाही असे सांगतात. त्यात तथ्य आहे का?

उत्तर : आहे, पण सांगतात तेवढे नाही. बहुतेक दुवे दुसऱ्या लोशनने काही मिनिटांत जोडलेले असतात, उरलेले थोडे हवेतल्या ऑक्सिजनने पुढचे काही तास जुळत राहतात. त्या काळात केस भिजून उशीवर दाबला गेला तर वळण बिघडू शकते. चेहऱ्यावर चार थेंब उडाले म्हणून घाबरू नये. वाफ, सॉना, पोहणे आणि पालथे झोपणे मात्र त्या दिवशी टाळावे.

प्रश्न : एक्स्टेन्शन लावताना डोळे मिटलेले असूनही जळजळले आणि नंतर लाल झाले. दुसऱ्या खेपेला त्याच रात्री दोन्ही पापण्या सुजून खाज सुटली. गोंद बदलून घेतला तर चालेल का?

उत्तर : या दोन वेगळ्या घटना आहेत.

एक्स्टेन्शनचा गोंद म्हणजे सायनोअॅक्रिलेट, घरातल्या ‘झटपट’ गोंदाचेच भावंड. १९४२ मध्ये हॅरी कूव्हर यांच्या चमूला हा पदार्थ आधी नकोसा वाटला होता, कारण तो ज्याला लागेल त्याला चिकटायचा. तो हवेत सुकत नाही, ओलाव्याने पॉलिमर बनून घट्ट होतो. घट्ट होईपर्यंत त्याची वाफ निघत राहते, आणि डोळ्यातले अश्रू हाही ओलावाच. पापणी पूर्ण मिटली नसेल, खालच्या पापणीवर लावलेला जेल पॅड वर सरकून डोळ्याच्या पांढऱ्या भागाला टोचत असेल किंवा टेपने पापणी ओढली गेली असेल तर ती वाफ आत पोचते आणि डोळा लाल होतो. पहिल्या खेपेला तुमचे हेच झाले असावे. ही चुरचुर सहसा काही तासांत निवळते.

दुसऱ्या खेपेची गोष्ट वेगळी. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी, दोन्ही बाजूंना, खाजेसह सूज हे अॅलर्जीचे चित्र आहे. ही अॅलर्जी एकदा झाली की शरीर ती विसरत नाही, पुढच्या वेळी ती लवकर आणि जोरात उसळते. बहुतेक वेळा ती सायनोअॅक्रिलेटचीच असते. त्यामुळे काळ्याऐवजी पारदर्शक गोंद घेतल्याने काही साधत नाही, काळ्यात फक्त कार्बन ब्लॅक जास्त असते. ‘सेन्सिटिव्ह’ गोंदही बहुधा सायनोअॅक्रिलेटच असतो, फक्त हळू घट्ट होणारा. तुम्ही एक्स्टेन्शन करणे थांबवावे असेच आमचे मत आहे. आधीची लावलेली काढून घ्या, तीही पार्लरमध्ये क्रीम रिमूव्हरनेच, घरी अॅसिटोनने अजिबात नाही. दृष्टी धूसर होणे, प्रकाश सहन न होणे किंवा पिवळा स्राव यातले काही दिसले तर थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा.

प्रश्न : मी एक्स्टेन्शनचे काम शिकते आहे. कधी गोंद लावता लावता ब्रशवरच पकडतो आणि कडेला पांढरी पूड दिसते, कधी पाच सेकंद धरूनही केस सुटतो. बाटली तीच. का होते असे?

उत्तर : बाटली तीच, पण हवा तीच नाही. आधी सांगितल्याप्रमाणे हा गोंद ओलाव्यावर चालतो. खोलीतली सापेक्ष आर्द्रता साधारण ४५ ते ६० टक्के आणि तापमान २० ते २४ अंश सेल्सिअस असेल तर बहुतेक गोंद त्यांच्या लिहिलेल्या वेळेत पकडतात. आर्द्रता त्याहून जास्त झाली की बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला भाग कच्चा राहतो, जोड ठिसूळ होतो. वाफ हवेतच घट्ट होऊन केसावर बसते, तीच तुमची पांढरी पूड. आर्द्रता ४० च्या खाली गेली की गोंद ओलाच राहतो, शेजारच्या केसाला चिकटतो आणि वाफही जास्त वेळ निघते. म्हणून टेबलावर एक हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) ठेवा. गोंद त्या हवेला जुळणारा निवडणे हे आर्द्रता बदलण्यापेक्षा सोपे असते.

बाकी सवयी अशा : बाटली वापरण्याआधी मिनिटभर हलवा, काळे कण तळाशी बसलेले असतात. एकच थेंब घ्या आणि १५ ते २० मिनिटांनी तो फेकून नवा घ्या, तो दाटू लागलेला दिसत नसला तरीही. नळीचे तोंड पुसून मगच झाकण लावा. उघडलेली बाटली चार ते सहा आठवड्यांनंतर कामाला घेऊ नका. फ्रीजमध्ये ठेवलेली बाटली थंड असतानाच उघडली की आत दव धरते आणि गोंद तिथेच घट्ट व्हायला लागतो, खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

आणि केस सुटतो याचे आणखी एक साधे कारण म्हणजे तेल. पापणीच्या कडेवर तेलग्रंथी आहेत, वरच्या पापणीत २५ ते ४०. त्यांचे तेल रोजच केसांच्या मुळाशी येते. लावण्याआधी फोम क्लीन्झरने धुऊन, सलाइनने पुसून, पूर्ण कोरडे करा.

प्रश्न : मला दाट एक्स्टेन्शन हवी आहेत. ०.२० मिलिमीटर जाडीची घेतली तर काय बिघडते? माझ्या पापण्या आता विरळ दिसू लागल्या आहेत.

उत्तर : आकड्यांत फरक छोटा दिसतो, वजनात तो छोटा नाही. धाग्याचे वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ०.१५ ऐवजी ०.२० घेतले की वजन सुमारे १.८ पट होते. लांबीचा परिणामही असाच आहे. ८ ऐवजी १२ मिलिमीटर लांबीचा धागा लावला तर वजन दीडपट आणि तरफेची भुजाही दीडपट, म्हणजे मुळावर पडणारा पीळ सव्वादोन पट. उलट ०.०७ चे चार धागे पंख्यासारखे लावले तर त्यांचे वजन ०.१५ च्या एका धाग्यापेक्षा थोडे कमीच भरते आणि दाटपणा जास्त दिसतो. तुम्हाला हवे ते याच वाटेने मिळेल.

मूळ सतत ओढले गेले की केस आपली वाढ पूर्ण होण्याआधीच गळतो. ओढ महिनोन् महिने चालली तर मूळ बारीक होत जाते आणि पुढचा केस आधीपेक्षा नाजूक येतो. दुसरे कारण म्हणजे दोन खरे केस एका धाग्यात चिकटणे. त्यातला एक वाढत असतो, दुसरा गळायला आलेला असतो, आणि जाता जाता तो सोबत्याला उपटून नेतो. पार्लरमधून निघण्याआधी बारीक टोकाच्या चिमट्याने प्रत्येक केस वेगळा होतो का ते तपासायला सांगा. गोंद त्वचेपासून अर्धा ते एक मिलिमीटर दूर असावा. सध्या मात्र दोन-तीन महिने विश्रांती द्या.

दिवसाला दोन ते पाच केस गळणे हे नेहमीचेच आहे. एक्स्टेन्शनमुळे ते नजरेत भरते इतकेच.

प्रश्न : पापण्या रंगवण्याआधी ४८ तासांची चाचणी खरोखर लागते का? मी डोक्याचे केस अनेक वर्षे रंगवते, काही झाले नाही.

उत्तर : लागते. तुमचा अनुभव तुम्हाला सूट देत नाही, कारण अॅलर्जी आधीच्या संपर्कातूनच घडते. दहा वेळा काही न होता अकराव्या वेळी ती उमटू शकते.

काळ्या आणि गडद तपकिरी रंगात बहुतेक वेळा पॅराफेनिलिनडायअमाइन किंवा त्याचे नातलग असतात. हे रेणू छोटे आणि रंगहीन. पेरॉक्साइडशी मिसळले की ते केसात शिरून एकमेकांना जोडले जातात, मोठा रंगीत रेणू तयार होतो आणि तो आत अडकून राहतो. तोच छोटेपणा त्यांना त्वचेतही शिरू देतो. पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. ही अॅलर्जी उशिरा उमटणारी आहे, २४ ते ७२ तासांत. म्हणून अर्ध्या तासात चाचणी उरकता येत नाही. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला, तोच रंग त्याच पेरॉक्साइडमध्ये मिसळून, वाटाण्याएवढा लावा आणि दोन दिवस बघा. लाली, खाज, फोड यातले काहीही आले तर रंग नाही.

डोक्याचा रंग पापण्यांना लावू नका, हेही सांगून ठेवतो. त्यातले पेरॉक्साइड ६, ९ किंवा १२ टक्क्यांचे असते. युरोपीय संघाच्या नियमांत पापण्यांसाठीच्या उत्पादनात ते २ टक्क्यांपर्यंतच आणि फक्त व्यावसायिकांच्या हाती चालते. हे नियम उगाच आलेले नाहीत. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत ‘लॅश ल्युअर’ नावाच्या पापणीरंगाने काही स्त्रियांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, दृष्टीही गेली. त्यात हेच पॅराफेनिलिनडायअमाइन होते. तेव्हा सरकारला ते बाजारातून उचलण्याचा अधिकार नव्हता. तो १९३८ च्या कायद्याने आला.

प्रश्न : मग भुवयांना हेना सुरक्षित ना? ते तर नैसर्गिक आहे.

उत्तर : खरी मेंदी असेल तर बऱ्यापैकी. मेंदीतले लॉसोन केराटिनला थेट जोडले जाते आणि रंग केशरी-तांबूस येतो, गडद काळपट नाही. जे ‘हेना’ दहा-पंधरा मिनिटांत काळे-तपकिरी करते त्यात वेगळा रंग मिसळलेला असतो, आणि अनेकदा तो वर सांगितलेला पॅराफेनिलिनडायअमाइनचाच. डबीवर घटक वाचा. यादी नसेल तर वापरू नका.

प्रश्न : एरंडेल लावल्याने पापण्या वाढतात का? आणि जाहिरातीतली सीरम?

उत्तर : एरंडेलाने केस वाढतो याचा भरवशाचा पुरावा नाही. ते केसावर दाट थर देते, त्यामुळे तो चकचकीत आणि थोडा जाड दिसतो, कमी तुटतो. रात्री थेंबभर लावल्याने बिघडत नाही, पण डोळ्यात गेले तर नजर धूसर होते आणि एक्स्टेन्शन असतील तर जोड सैल पडतात.

पापणीचा केस लांब होत नाही याचे कारण पोषणात नसून त्याच्या घड्याळात आहे. डोक्यावरचा केस वर्षानुवर्षे वाढत राहतो. पापणीचा केस एक-दोन महिने, दिवसाला साधारण ०.१२ मिलिमीटर वाढतो आणि मग थांबून विश्रांतीत जातो. लांबी वाढवायची तर हा वाढीचा काळ लांबवावा लागतो. ते करणारे सिद्ध औषध एक आहे : बायमॅटोप्रॉस्ट ०.०३ टक्के. ते मुळात काचबिंदूचे औषध. रुग्णांच्या पापण्या लांब आणि गडद होताना दिसल्या, आणि २००८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत त्याला पापण्यांसाठी मान्यता मिळाली. रोज रात्री वरच्या पापणीच्या मुळाशी लावायचे, पूर्ण परिणाम सुमारे १६ आठवड्यांनी, आणि बंद केले की पापण्या पूर्ववत. दुष्परिणाम खरे आहेत : लाली, पापणीची त्वचा काळवंडणे, डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन डोळा खोल दिसणे. बुबुळाचा रंग तपकिरी होऊ शकतो आणि तो बहुधा परत जात नाही. म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

दुकानातल्या ज्या सीरमचा परिणाम ‘खरोखर’ दिसतो, त्यांच्या घटकयादीत ‘प्रॉस्ट’ हा तुकडा शोधा, उदाहरणार्थ आयसोप्रोपिल क्लोप्रॉस्टेनेट. हे त्याच औषधाच्या कुळातले आहे आणि दुष्परिणामही त्याच कुळातले. गर्भवती, स्तनपान देणाऱ्या आणि डोळ्यांचे औषध चालू असलेल्या वाचकांनी ही सीरम लावू नयेत.

प्रश्न : भुवयांचे मायक्रोब्लेडिंग (त्वचेत शाई भरून भुवया रेखणे) दोन वर्षांत विटकरी झाले. लेझरने काढावे का?

उत्तर : तपकिरी शाई म्हणजे काळा, पिवळा आणि लाल यांचे मिश्रण. काळा आणि पिवळा भाग आधी फिका पडला की टिकाऊ लाल आयर्न ऑक्साइड उरते. निळसर-करडे झाले असते तर शाई खोल गेली असे म्हटले असते.

लेझरबाबत सावध राहा. लाल आयर्न ऑक्साइडवर लेझर पडला की ते काळ्या रूपात बदलू शकते, आणि भुवई क्षणात काळी पडते. शाई उजळवणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचेही असेच काळवंडणे होते. म्हणून त्वचारोगतज्ज्ञांनी आधी मिलिमीटरभर जागी एक ठिपका मारून चार-सहा आठवडे पाहावे. अनुभवी हाताने ऑलिव्ह छटेची दुरुस्ती करून लाल झाकणे हा बऱ्याचदा शहाणा मार्ग ठरतो.

प्रश्न : मी रात्री रेटिनॉल लावते. भुवयांना वॅक्स केले तर त्वचा सोलून निघाली.

उत्तर : रेटिनॉलने वरचा मृत थर पातळ होतो, वॅक्स उरलेला ओढून नेते. भुवयांभोवती लावणे किमान पाच-सात दिवस आधी थांबवा, किंवा थ्रेडिंग करा, त्यात त्वचेला काही चिकटत नाही. मुरमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्स नाहीच, गोळ्या संपल्यावरही सहा महिने नाही. सोललेल्या जागेवर साधे व्हॅसलीन लावा आणि बरी होईपर्यंत लॅमिनेशन किंवा रंग तिथे जाऊ देऊ नका. लॅमिनेशनचे लोशन हे लिफ्टचेच लोशन आहे, फक्त भुवईत ते सगळे त्वचेवरच बसते.

प्रश्न : एक्स्टेन्शन असताना पापण्या धुवाव्यात का? मी भीतीने पाणी लावत नाही. आता मुळाशी कोंड्यासारखे दिसते आणि सकाळी खाज येते.

उत्तर : धुवाव्यातच, रोज. न धुतल्याने तेल, मृत पेशी आणि मेकअप मुळाशी साचतो, ग्रंथींची तोंडे बुजतात, आणि केसांच्या मुळात राहणारे डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे वाढतात. ते बहुतेक प्रौढांच्या अंगावर असतातच, संख्या वाढली की त्रास होतो. केसाच्या तळाशी नळीसारखी पारदर्शक वेटोळी दिसली तर ती त्यांचीच खूण. तेलविरहित फोम बोटावर घेऊन मऊ ब्रशने मुळापासून टोकाकडे तीस सेकंद फिरवा, भरपूर पाण्याने धुवा, टिपून कोरडे करा, स्पूली फिरवा. हे आठवडाभर करूनही खाज राहिली तर एक्स्टेन्शन काढून टाका आणि डोळे दाखवून या. कडेची सूज चालू असताना नवी लावून देणाऱ्याकडे जाऊ नका.